बदाम आणि मांजऱ्या

हिंजवडीजवळच्या माणमध्ये माझ्या भाड्याच्या बारा खोल्या आहेत. एप्रिल उजाडला की त्यातल्या अकरा खोल्या माझ्याशी भांडायच्या आणि बारावी, म्हणजे चार नंबरची, मला शब्द विचारायची. पाणी तासभरच सुटलं, मोटर जळली, टँकर आलाच नाही, कशावरूनही चार नंबरमधल्या सरांनी कधी तक्रार केली नाही. मला त्याचाच राग यायचा. भांडणाऱ्या माणसाशी कसं वागायचं हे मला कळतं, भाव करत करतच मी इथवर आलो आहे. पण जो माणूस बादली घेऊन रांगेत शेवटी उभा राहतो आणि टँकर हा शब्द मूळचा आपल्याच टाकीवरून तिकडे गेला असावा असं सांगतो, त्याला काय उत्तर देणार?

एकदा तर ते हे सगळं टँकरवाल्यालाच समजावून सांगत होते. तो बिहारचा. पोर्तुगीज लोकांनी गुजरातेतून, आपल्या बाजूनं हा शब्द उचलला असावा, मग तो इंग्रजांकडे गेला, असं काहीतरी सर मोडक्या हिंदीत बोलत होते. तो मान डोलवत ऐकत राहिला आणि तेवढ्यात पाइप निसटून अर्धा टँकर रस्त्यावर वाहून गेला. मी दोघांनाही शिव्या घातल्या. सर म्हणाले, 'असावा' म्हणालो मी, खात्री नाही. त्यांना वाटलं मी शब्दावरून चिडलोय.

पोरं त्यांना 'थांबा सर' म्हणायची. कंपनीच्या गाड्या चालवणारे ड्रायव्हर, वॉचमन, हिंजवडीत कामाला जाणारे दोन इंजिनिअर, सगळेच. कुणी बोलता बोलता एखादा इंग्रजी शब्द टाकला की सरांचं बोट वर व्हायचं. "थांबा. हा कुठून आला?" समोरच्याला ड्युटीवर जायचं असायचं, गाडी हॉर्न देत असायची. सर दाराच्या चौकटीला हात लावून उभे. उत्तर त्यांनाच माहीत असायचं, तरी ते आधी विचारायचे. उत्तर सांगून झाल्यावर शर्टाच्या खिशातून जुन्या लग्नपत्रिकेचा कापलेला तुकडा काढून त्यावर काहीतरी टिपून ठेवायचे. असे तुकडे त्यांच्या खोलीत बुटांच्या अकरा खोक्यांत भरलेले होते. गादी एक, स्टोव्ह एक, खोकी अकरा.

त्यांचा मुलगा हिंजवडीतल्याच एका टॉवरमध्ये सोळाव्या मजल्यावर राहायचा. सर तिथं तीन महिने राहिले आणि बाहेर पडले. लिफ्टमध्ये एक बाई सतत इंग्रजीत बोलते आणि तिला उलट काही विचारता येत नाही, हे त्यांनी मला खोली बघायला आले तेव्हा कारण सांगितलं. मी समजलो, सुनेशी पटत नसणार. नंतर सून दर रविवारी डबा घेऊन यायची आणि खोक्यांवरची धूळ पुसून जायची, तेव्हा कळलं की खरंच लिफ्टचंच कारण होतं.

ते काही शिक्षक नव्हते. पुण्यातल्या एका कचेरीत इंग्रजी शास्त्रीय शब्दांना मराठी शब्द बसवायचं काम चालायचं, तिथं त्यांनी तीस वर्षं काढली. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसलो होतो. मी वयाच्या सोळाव्या वर्षापासून विहिरी खोदतोय. आमचं घर मुळशीतल्या भरे गावचं, घरात मेंढरं. मेंढरांमागं फिरण्यापेक्षा मी खोदाईवर गेलो, आधी टिकाव, मग सुरुंगाची भोकं, मग बायकोचं डोरलं मोडून स्वतःची यारी. यारी म्हणजे विहिरीतला राडारोडा वर खेचायचं मशीन. त्या यारीवर मी मुळशीत साठेक विहिरी पाडल्या. त्यातल्या एकीवरही माझं नाव नाही. पाणी लागलं की ते इंजिनिअरनं शोधलेलं असतं, नाही लागलं की खोदणाऱ्यानं घाण केलेली असते. नारळ फोडताना फोटोत इंजिनिअर, आणि मी खाली, तळात, गुडघाभर चिखलात. ही गोष्ट मी विसरलेलो नाही, विसरणारही नाही.

खोल्यांच्या मागची विहीरही मीच पाडलेली. साडेसात परस खोल. आम्ही विहीर परसात मोजतो, एक परस म्हणजे एक उभा माणूस, साधारण सहा फूट. पंधरा वर्षं तिनं साथ दिली. मग आजूबाजूला टॉवरांचे खड्डे पडले, प्रत्येकाचे पंप रात्रंदिवस चालू, आणि दोन उन्हाळ्यांत आमचं पाणी तळाला गेलं. त्या वर्षी एप्रिलच्या मध्यालाच चार खोल्या रिकाम्या झाल्या. ड्रायव्हर लोक तोंडावर सांगून गेले, शेट, अंघोळीला पाणी नसेल तर खोली कशाला. वरचा मजला मी कर्जावर चढवलेला. उरलेल्या खोल्याही गेल्या असत्या तर पुन्हा दुसऱ्यांच्या विहिरीत उतरायची पाळी माझ्यावर आली असती, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी.

म्हणून मी आयुष्यात पहिल्यांदा पाणी बघायला माणूस बोलावला. त्यानं अर्धा तास मशीन फिरवलं आणि आठ दिवसांनी चार पानांचा इंग्रजी रिपोर्ट दिला. बोअरच्या गाडीचा एजंट आमच्या ओळखीचा, तो रिपोर्टवर बोट ठेवून म्हणाला, हा मोठा शब्द बघा, हा खडक म्हणजे पाण्याची खाण. आपण विहिरीच्या तळातूनच उभं बोअर मारू, दोनशे फुटांवर हा शब्द लागेल. शब्द खरंच लांब होता. वाचता येईना म्हणून मला तो आणखीच खरा वाटला. गुरुवारी गाडी आणायचं ठरलं.

मंगळवारी सकाळी मी तो कागद घेऊन चार नंबरसमोर गेलो. मला एवढंच हवं होतं की कुणीतरी वाचून सांगावं, एजंट म्हणतो ते बरोबर आहे का. एका शब्दात, हो की नाही.

सरांनी कागद घेतला, चष्मा वर केला आणि तो शब्द बघून खालीच बसले. अमिग्डलॉइडल. त्यांनी तो दोनदा म्हटला, कुणी जुना सोबती दारात आल्यासारखा. मग बदाम सोलावा तसा सोलायला घेतला. मूळ ग्रीक, अमिग्दाले म्हणजे बदाम. मग ओइड, तोही ग्रीकच, त्याचा अर्थ रूप, दिसणं. शेवटचं अल हे लॅटिन शेपूट, ते लावलं की विशेषण होतं. बदामाच्या रूपाचं असं, बदाम असलेला खडक. ज्वालामुखीचा रस थंड होताना आत बुडबुडे अडकले, रस वाहत होता म्हणून ते लांबट झाले, पुढं त्यांत पांढरं काहीतरी साचून ती घरं भरली. दगड फोडला की चिक्कीतल्या दाण्यांसारखे पांढरे बदाम दिसतात, म्हणून हे नाव. इंग्रजीतला साधा आल्मंड हाही त्याच शब्दाचा झिजलेला नातू. घशातल्या गाठींनाही डॉक्टर लोकांनी बदामच म्हटलं होतं. आणि मेंदूत भीती आणि राग जिथं पेटतो म्हणतात, त्या ठिकाणालाही हेच नाव, कारण ते दिसतं तसं.

"तुमचा जरा मोठा असेल, मालक," ते म्हणाले.

"माझा अक्रोड हाय. पानी लागंल का ते सांगा."

ते त्यांना सांगता येईना. ते पुढचं सांगायला लागले. त्यांच्या कचेरीत या शब्दाला मराठी शब्द ठरवायचा होता. समितीनं 'वातामसदृश' धरला. वाताम म्हणजे संस्कृतात बदाम. सर म्हणाले, हे कळायला शेजारी आणखी एक कोश ठेवावा लागेल. त्यांना पाटबंधाऱ्याच्या कुठल्याशा जुन्या टिपणात लोकांच्या तोंडचा एक शब्द सापडला होता, तो घ्या म्हणून ते अडून बसले. तेव्हा अध्यक्षांनी भर बैठकीत विचारलं, हा शब्द तुम्ही कुणाच्या तरी तोंडून ऐकलाय का? तो दगड पाहिलाय? दोन्हीला नाही म्हणावं लागलं. विषय मिटला.

हे सांगायला त्यांनी दीड तास घेतला. माझ्या डोक्यात गुरुवार होता, चार रिकाम्या खोल्या होत्या, आणि हा माणूस समितीचं रडगाणं गात होता. तो लोकांच्या तोंडचा शब्द कुठला, हे विचारायचंही मला सुचलं नाही. माझा तोल गेला.

"न बघता तीस वर्सं दगडाला नावं ठेवत बसलात व्हय? मी बघितल्यात साठ विहिरी. मला कुनी यिऊन इचारलं का?"

मी आणखीही बरंच बोललो. शिकलेल्या लोकांबद्दल जे जे माझ्या पोटात होतं ते सगळं त्या एकट्यावर ओतलं. अकरा खोक्यांबद्दलही बोललो, ते बोलायला नको होतं. सरांनी कागदाची घडी घालून माझ्या हातात दिली आणि आत गेले. दार लावलं नाही. त्यांनी दार आपटलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी सकाळी, मी चहा पीत असताना ते दारात उभे. पँटचे पाय मोज्यांत खोचलेले, पायात सुनेनं आणलेले कापडी बूट, डोक्याला पंचा.

"मालक, तुमची विहीर रिकामीच आहे. मला खाली सोडा."

चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस. मी नाही म्हणालो. पाय घसरला तर पोलीस मला धरतील म्हणालो. त्यांनी मुलाला फोन लावून माझ्यासमोर सांगितलं की मी स्वतःच्या इच्छेनं विहिरीत उतरतोय. पलीकडून मुलगा काय ओरडला असेल ते असो. सरांनी फोन बंद केला आणि परत तेच म्हणाले. मग माझी बायको मध्ये पडली. सुरुवातीच्या दिवसांत गडी परवडत नव्हता तेव्हा यारीच्या दांड्यावर तीच असायची, मला हजार वेळा तिनं वरखाली केलंय. ती मला म्हणाली, "अवो, काल येवढं बोलला त्यान्ला. आता गपगुमान उतरवा." आणि पदर खोचून दांड्यावर जाऊन उभी राहिली.

सरांना यारीच्या डब्यात बसवलं, कमरेला दोर बांधला. मी शेजारच्या लोखंडी पायऱ्यांवरून उतरत होतो, एक हात डब्यावर ठेवून. ते घाबरलेले होते, डब्याची कड घट्ट धरून ठेवलेली, पण डोळे सताड उघडे. वर मुरूम, त्याखाली पिवळट माती झालेला दगड, मी सवयीनं नावं सांगत चाललो होतो, जसं नवीन गड्याला सांगतात. साडेचार परसांवर त्यांनी हात वर केला. बायकोनं डबा थांबवला.

त्यांनी बॅटरी लावली. भिंत ओली होती. उजेडात सगळीकडे पांढरे ठिपके चमकले, काही हरभऱ्याएवढे, काही खरंच सोललेल्या बदामाएवढे, एका बाजूला निमुळते. बऱ्याच ठिकाणचे बदाम गळून गेलेले, नुसती घरं उरलेली, आणि त्या घरांतून पाणी झिरपत होतं. सरांनी चष्मा काढला आणि नाक दगडाला टेकेल इतकं जवळ नेलं. मग जीभ लावली.

चष्मा परत लावत त्यांनी विचारलं, "याला तुम्ही काय म्हणता?"

"ह्यो मांजऱ्या."

"पुन्हा म्हणा."

"मांजऱ्या खडक. माजा बाप म्हनायचा, वला करून दिवा धरला की मांजरावानी बगतुया आपल्याकडं, म्हनून मांजऱ्या. खरंखोटं त्याला म्हाईत. समदे ह्येच म्हनत्यात."

सरांचा हात दगडावरच होता. "टिपणातला शब्द हाच," ते म्हणाले. ते काही लिहायला गेले नाहीत, खिशातले पत्रिकेचे तुकडे खिशातच राहिले. डबा थोडा झुलत होता. वरून बायकोनं विचारलं, बरं हाय ना सगळं. सर म्हणाले, हो, फार बरं आहे.

मग त्यांनी रिपोर्ट मागितला. माझ्या खिशात होताच. त्या लांब शब्दापुढं आकडे होते, आठ ते तेरा मीटर. त्यांनी मला विचारलं, आपण आता किती मीटरवर आहोत? मला मीटर सांगता येत नाहीत पटकन. मी परसाचे फूट केले, फुटांचे मीटर केले, पायरीवर लटकत. आठ मीटर आले. तेरा मीटर म्हणजे सात परस, आमच्या तळाच्या वर अर्धा परस. पुन्हा केले. तेवढेच आले.

म्हणजे दोनशे फुटांवर लागणार होता तो शब्द माझ्या खांद्याला घासत होता. मी तो स्वतःच्या हातानं फोडला होता, पंधरा वर्षं त्याचंच पाणी पीत होतो, आणि इंग्रजीत लिहून आल्यावर मला तो ओळखू आला नाही.

"आणि याच्याखाली काय आहे?" सरांनी विचारलं.

"काळा. घट. त्यात भोक न्हाई, फट न्हाई."

"तो फोडला तर?"

नवीन गडी विचारतो तसंच त्यांनी विचारलं होतं, खरंच माहीत नव्हतं म्हणून. आणि उस्ताद देतो तसं उत्तर माझ्या तोंडातून निघून गेलं, "कायबी सांगता येत न्हाई. काळा म्हंजी ताटाचं बूड. भोक पाडलं आन् खाली फट लागली तर हाये ते पानीबी जाईल पळून." बोलताना मला भुकूमजवळची एक विहीर दिसत होती. तिथं मालकानं ऐकलं नाही, तळाला सुरुंग लावला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी विहीर कोरडी ठणठणीत. मी तिथं होतो. त्या मालकाला मीच अडवलं होतं, आणि माझं ऐकलं नाही म्हणून मी ते वर्षानुवर्षं सगळ्यांना सांगत फिरलो होतो.

सर म्हणाले, "मग उद्याचं काय, मालक?"

मी पायरीला दंड अडकवून तसाच उभा राहिलो. उद्या सकाळी दहाला गाडी येणार होती.

वर आल्यावर मी एजंटला फोन लावला. त्याला सांगितलं, तळाला बोअर मारायचं नाही. आडवी भोकं घ्यायची, मांजऱ्यात, चारी बाजूंनी. तो भडकला. गाडी निघालीय म्हणाला, रिपोर्टमध्ये लिहिलंय म्हणाला, मग आवाज चढवून विचारलं, कुठल्या इंजिनिअरनं तुमच्या डोक्यात हे भरवलं, नाव सांगा त्याचं. सर शेजारीच उभे होते, पंच्यानं हात पुसत. मी त्यांच्याकडे बघितलं. ते विहिरीकडे बघत होते.

"मी सांगतोय," मी म्हणालो. "साठ विहिरी पाडल्यात म्या. माजं नाव घाल."

आडव्या बोअरला तीन दिवस लागले. पहिलं भोक कोरडं गेलं, तेव्हा एजंटच्या माणसांनी माझ्याकडे जे बघितलं ते मी लक्षात ठेवलंय. दुसरं ओलं निघालं. तिसऱ्यात, पूर्वेच्या बाजूला, पस्तीस फूट आत गेल्यावर भोकातून आधी राखाडी चिखल आला, मग गढूळ पाणी, मग मनगटाएवढी धार. ती धार थांबेल म्हणून मी संध्याकाळपर्यंत काठावरून हललो नाही. ती थांबली नाही. बायकोनं जेवायला तीनदा हाक मारली. त्या रात्री मी जो झोपलो तो सकाळी ड्रायव्हर लोकांच्या अंघोळीच्या आवाजानंच उठलो, आणि तो आवाज ऐकत तसाच पडून राहिलो.

सरांनी त्या आठवड्यात एक पोस्टकार्ड लिहिलं. मला वाचून दाखवलं. 'आपण विचारलेल्या दोन्ही प्रश्नांचं उत्तर हो असं आहे.' एवढंच, खाली सही आणि माणचा पत्ता. ते त्या अध्यक्षांच्या नावानं होतं. अध्यक्ष वारून सात वर्षं झाली होती हे सरांना माहीत होतं, अंत्ययात्रेलाही ते गेले होते. मी म्हणालो, मग कार्ड घेणार कोण. ते म्हणाले, तो पोस्टाचा प्रश्न आहे, माझं उत्तर द्यायचं राहिलं होतं, ते मी दिलं. आणि चालत जाऊन टाकून आले. येताना फारच हलके चालत होते.

मी त्यांना त्या दिवशी बोललो त्याबद्दल माफी मागितलेली नाही. दोनदा मागायला गेलो होतो. पहिल्यांदा त्यांनी मला मुरूम हा शब्द कुठून आला विचारलं, दुसऱ्यांदा यारी कुठून आला, आणि दोन्ही वेळा मी चिडून परत आलो. माझी त्यांच्याबद्दल तक्रार असेल तर हीच. माणसाला बोलू देत नाहीत.

मुलाची बदली बेंगळुरूला झाली तेव्हा तेही गेले. तिकडे तळमजल्यावर घर मिळालं म्हणून कबूल झाले. खोकी टेम्पोत मीच चढवली, ड्रायव्हरला सांगितलं, ही आडवी ठेवू नकोस.

आता दर मे महिन्यात त्यांचा फोन येतो, भर दुपारी, बहुतेक मी कुणाशी तरी भावावरून वाद घालत असताना. कसे आहात, काय चाललंय, काही नाही. "मालक, किती परस?" एवढंच विचारतात, म्हणजे विहिरीत पाणी किती उभं आहे. पहिल्या वर्षी मी जागेवरूनच ठोकून दिलं, अडीच. त्यांनी विचारलं, बघून सांगताय का. मी म्हणालो, सकाळी बघितलंय. ते म्हणाले, मी थांबतो.

तेव्हापासून मी फोन कानाला धरून उन्हात मागं चालत जातो. तोंडानं बडबडत जातो, रागही येतो. काठावर वाकून बघतो आणि सांगतो. यंदा पावणेतीन होतं. ते 'बरं' म्हणतात आणि फोन ठेवून देतात. मी लगेच परत जात नाही. तिथंच काठावर थोडा वेळ बसतो. खाली पाणी असतं.